पारवा रंगाची भिलाई

मुंबईहून हावड्याकडे निघालेली गाडी नागपूर, गोंदिया मागे टाकते, डोंगरगडच्या बमलाई देवीची टेकडी खिडकीतून दाखवते आणि राजनांदगावनंतर शिवनाथ नदीचा पूल ओलांडून दुर्गला येते. दिवाळीच्या आधीचे दिवस असतील तर दोन्ही बाजूंना भाताची शेते पिकलेली असतात. त्या पिवळ्या रंगात मधूनच एखादे गाव दिसते. कौलारू, बुटकी, मातीची घरे. त्यांतल्या कितीतरी घरांच्या भिंती निळ्या असतात. गडद नव्हे, तर पाऊस पडून गेल्यावर आभाळ जसे निळसर दिसते तशा. खाली जोत्याच्या बाजूने काळपट राखाडी पट्टा ओढलेला असतो. दारात शेणाचा सडा पडलेला असतो.

दुर्गच्या पुढे दहा-पंधरा मिनिटांत देखावा बदलतो. गावे संपतात, उंच धुराडी दिसू लागतात आणि रुळांचे फाटे वाढत जातात. ही भिलाई. पोलादाचे शहर. इथल्या लोखंडाचा रंगही निळसर राखाडीच.

मराठीत या रंगाला एक सुरेख नाव आहे. पारवा. कबुतराच्या, म्हणजे पारव्याच्या पंखांचा रंग. पूर्वीच्या बायका लुगडे घेताना हा शब्द सहज वापरत. अबोली, आमसुली, डाळिंबी, तसाच पारवा. आज रंगाच्या दुकानातल्या शेड कार्डावर या एका रंगाच्या डझनावारी छटा असतात आणि त्यांची नावे सारी इंग्रजी. त्यातली नेमकी कोणती आपल्या घराला शोभेल, हे ठरवता ठरवता भल्याभल्या कुटुंबांत रुसवेफुगवे होतात. भिलाईतल्या एका मराठी घरात ते कसे झाले आणि कसे मिटले, त्याचीच ही हकीकत.

खेड्यातली निळाई

छत्तीसगडात घर रंगवणे याला पोताई म्हणतात. दिवाळीच्या आधी लिपाई-पोताई झाली नाही तर लक्ष्मी दाराशी यायची नाही, अशी इथल्या बायकांची समजूत. भिंतीला आधी छुही नावाची पांढरी माती लावायची किंवा चुन्याचा हात द्यायचा. निळाई हवी असेल तर चुन्यात नीळ कालवायची. खालच्या पट्ट्याला शेणात भाताच्या पेंढ्याची राख मिसळायची. श्रावणात याच भिंतींवर शेणाने सवनाहीची चित्रे काढतात, जन्माष्टमीला आठे कन्हैया काढतात. इथली भिंत नुसता आडोसा नसते. घराची पाटीही तीच असते.

विदर्भातल्या वाचकांना हे नवे वाटणार नाही. भंडारा-गोंदियाकडच्या घरांतही चुना भिजवून, गाळून, त्यात डिंक किंवा सरस घालून शेवटी निळीची पुरचुंडी फिरवण्याची रीत होती. कपड्यांना देतात तीच नीळ. चंपारणच्या नीळ पिकाशी तिचा संबंध नाही. ती वनस्पती होती. ही खनिज रंगाची भुकटी. पूर्वी हा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शान भागातला राजावर्त दगड कुटून मिळे आणि त्याची किंमत सोन्याच्या बरोबरीने सांगितली जाई. १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये गिमे नावाच्या रसायनज्ञाने तो कृत्रिमरीत्या बनवला आणि राजेरजवाड्यांचा रंग धोब्याच्या टोपलीत आला.

ही नीळ चुन्यात टिकते, हे महत्त्वाचे. प्रशियन ब्ल्यूसारखे इतर काही निळे रंग चुन्याच्या क्षारात मरतात, तपकिरी पडतात. निळीला चुना मानवतो. शिवाय पांढऱ्या कपड्यावरची पिवळट झाक जशी निळीने मारली जाते, तशीच जुन्या भिंतीचीही मारली जाते. भिंत स्वच्छ दिसते, डोळ्यांना गार वाटते. मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जाणाऱ्या मुलखात ही गोष्ट लहान नाही.

कारखान्यातली निळाई

भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने उभा राहिला. त्याचा करार झाला २ फेब्रुवारी १९५५ रोजी. तेव्हा हा भाग जुन्या मध्य प्रदेशात होता आणि राज्याची राजधानी होती नागपूर. त्याच्याही आधी जवळजवळ शंभर वर्षे इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. त्यामुळे दुर्ग, रायपूर, राजनांदगाव या गावांत मराठी माणूस जुनाच. कारखाना आल्यावर विदर्भातून आणखी कुटुंबे आली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पाहता पाहता सेक्टरांचे आखीव नगर वसले. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, प्रत्येक सेक्टरला शाळा आणि बाजार.

दल्ली-राजहऱ्याहून येणारे खनिज तांबडे, नंदिनीची चुनखडी फिकट आणि कोळसा काळा. या तिघांच्या मेळातून निघते ते पोलाद मात्र पारवे! लालभडक तापलेला गोळा रुळांमधून लाटला जातो, तेव्हा हवा लागून त्याच्यावर एक पातळ खपली धरते. ही लोखंडाच्या ऑक्साइडची खपली निळसर राखाडी असते. पहिल्या पावसात ती सुटू लागते, खाली तांबडा गंज चढतो. म्हणून हा रंग पाहायला मिळतो तो कारखान्यातल्या माणसांनाच. भारतीय रेल्वेचे रूळ इथेच मोठ्या प्रमाणावर तयार होतात. अलीकडच्या नव्या गिरणीत तर १३० मीटर लांबीचा अखंड रूळ लाटला जातो.

अशाच रुळांच्या विभागात एका गृहस्थांनी बत्तीस वर्षे नोकरी केली. मूळ गाव वर्ध्याजवळचे, पत्नी भंडाऱ्याकडच्या. सगळा संसार सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये झाला. क्वार्टरला रंग लागे तो ठरलेला. त्यात आपली आवड-निवड सांगायचा प्रश्नच नव्हता. निवृत्तीनंतर दुर्ग आणि भिलाईच्या मधल्या एका वसाहतीत त्यांनी स्वतःचे चार खोल्यांचे घर बांधले. पासष्टी उलटल्यावर पहिल्यांदाच त्यांना कुणीतरी विचारले, ‘‘बाबूजी, रंग कुठला?’’

विचारणारा होता रंगारी. बाबूजींनी क्षणभरही विचार केला नाही. शेड कार्डावरच्या एका चौकोनावर बोट ठेवले. गडदसा, निळसर राखाडी. गिरणीतून नुकत्याच बाहेर आलेल्या रुळाचा रंग.

‘‘बैठकीला हाच. आणि आमच्या खोलीलाही.’’

पत्नीने चहाचा कप ठेवला आणि शांतपणे म्हटले, ‘‘अहो, बत्तीस वर्षं तुमच्या कपड्यांवरून हाच रंग धुतला मी. आता भिंतीवरही तोच बघायचा?’’

रुसव्याचे कारण

वरवर पाहता वाद रंगाचा होता. पण त्या बाईंच्या मनात वेगळेच होते. रात्रपाळीला गेलेला माणूस सकाळी परत येईपर्यंत त्यांनी कितीतरी रात्री जागून काढल्या होत्या. झोतभट्ट्यांचे शहर म्हणजे तापलेल्या लोखंडाशी रोजचा खेळ. भोंगा अवेळी वाजला की सेक्टरातल्या सगळ्या बायका दारात येत. त्यांच्या लेखी राखाडी रंग म्हणजे ती वाट पाहणे. यजमानांच्या लेखी तोच रंग म्हणजे आयुष्यभराची कमाई. देशात कुठेही गाडीत बसले तरी खाली आपण लाटलेला रूळ असेल, हा अभिमान.

बाईंना हवा होता माहेरच्या भिंतींचा रंग. नीळ घातलेल्या चुन्याचा. म्हणजे दोघांनाही हवा होता निळसरच! पण हे दोघांच्याही ध्यानात आले नाही.

दिवाळीसाठी नागपूरहून मुलगा आणि सून आले. सूनबाई शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या. त्यांनी सासऱ्यांना विचारले, ‘‘बाबा, कार्डावर बघून रंग ठरवण्यापेक्षा भिंतीवर लावून बघायचा का?’’

रंगाऱ्याने तीन छटांचे लहान डबे आणले. एक गडद, एक मध्यम, एक अगदी फिका. बैठकीच्या समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन काढले, प्रत्येकाला दोन हात दिले आणि सगळ्यांना सांगितले, उद्या संध्याकाळपर्यंत कुणी काही बोलायचे नाही.

एकच रंग, चार रूपे

ज्यांना घर रंगवायचे आहे त्यांनी हा एक दिवसाचा उपवास जरूर करावा. पारवा रंग मोठा लहरी. पांढरा किंवा पिवळा आपला स्वभाव सहसा सोडत नाही. पारवा मात्र उजेड बदलला की बदलतो.

सकाळी पूर्वेच्या कोवळ्या उन्हात तो मऊ दिसतो. उत्तरेकडे खिडकी असलेल्या खोलीत थेट ऊन फारसे येत नाही, येतो तो आभाळाचा उजेड. तो मुळातच निळसर. त्यामुळे तिथे हा रंग अधिक थंड, कधी कधी उदास वाटतो. पश्चिमेच्या खोलीत दुपारनंतरच्या तांबूस उन्हात निळाई दबते आणि राखाडी पुढे येतो. रात्रीची गोष्ट आणखी वेगळी. एलईडी दिव्याच्या खोक्यावर ३००० केल्विन लिहिलेले असेल तर प्रकाश पिवळसर पडतो आणि निळसर राखाडी भिंत मळकट, किंचित हिरवट दिसू शकते. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्यात तीच भिंत दवाखान्यासारखी गार वाटते. बैठकीसाठी या दोन्हींच्या मधला, ४००० केल्विनच्या आसपासचा दिवा पाहून घ्यावा.

फरशीचाही हिशेब ठेवायला हवा. कोटा फरशी स्वतःच निळसर-हिरवट राखाडी. तिच्यावर पारवी भिंत आली की खोलीत ढग उतरल्यासारखे होते. लाल कोब्याची किंवा पिवळसर टाइल्सची जमीन असेल तर हाच रंग खुलतो. आणि कार्डावरच्या चौकोनापेक्षा पूर्ण भिंतीवर रंग नेहमी अधिक उठतो. म्हणून मनात भरलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकी घ्यावी, असे जाणते रंगारी सांगतात.

छटेत आणखी कोणता रंग लपला आहे, हे ओळखायची युक्ती सोपी. कोरा पांढरा कागद तिच्याशेजारी धरावा. मग दिसते, की कुणात जांभळ्याची झाक आहे, कुणात हिरव्याची. जांभळट पारवा गुलाबी, तांबूस सामानाशी जमतो. हिरवट पारवा सागवानाच्या लाकडाशी.

डोळ्यांचा दोष की रंगाचा?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे बैठकीत जमले. मधल्या चौकोनाकडे बोट दाखवून बाई म्हणाल्या, ‘‘हा तर चक्क निळा आहे. राखाडी म्हणता तरी कसे?’’

‘‘अगं, निळा कुठला? मळकट राखाडी आहे. म्हणूनच मी गडद मागतोय. त्यात निदान थोडा निळा दिसतो.’’

एकाच चौकोनाबद्दल दोघेही इतक्या खात्रीने बोलत होते, की मुलाला हसू आले. सूनबाईंना मात्र काहीतरी आठवले. सासूबाईंच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फाल्गुनात झाली होती. डावा डोळा अजून तसाच होता.

‘‘आई, उजवा डोळा झाकून बघा बरं जरा.’’

बाईंनी पदराने डोळा झाकला. भिंतीकडे पाहिले. मग दुसरा झाकला. पुन्हा पहिला.

‘‘अगं बाई! या डोळ्याने राखाडी आणि या डोळ्याने निळा!’’

यात चमत्कार काहीच नव्हता. वयानुसार डोळ्यातले भिंग पिवळट, पुढे तपकिरी होत जाते. पिवळ्या काचेतून पाहिल्यासारखे. असे भिंग निळा प्रकाश अडवते. हे इतक्या सावकाश होते, की माणसाला कळतही नाही. शस्त्रक्रियेत ते भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवले, की निळा रंग एकदम झळाळून दिसू लागतो. फ्रान्सचा जगप्रसिद्ध चित्रकार क्लोद मोने याच्या एका डोळ्याची अशीच शस्त्रक्रिया १९२३ मध्ये झाली होती आणि त्यानंतर आपल्याला सगळे फार निळे दिसते अशी त्याची तक्रार असे.

बाबूजींना मात्र दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितले होते, पण आधी घर, मग डोळे, असे म्हणत त्यांनी ते लांबणीवर टाकले होते. आता सूनबाईंनी हळूच म्हटले, ‘‘बाबा, आधी डोळे, मग भिंत. चालेल?’’

त्या वर्षी दिवाळीला घराला फक्त प्रायमरचा पांढरा हात होता. तीन चौकोन तसेच ठेवून फराळ झाला, आकाशकंदील लागला. येणारे-जाणारे विचारत, हे काय? बाई सांगत, ‘‘आमचा निकाल राखून ठेवलाय.’’

मार्गशीर्षात बाबूजींच्या दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या. काही दिवसांनी, डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर, ते बैठकीत आले आणि त्या चौकोनांसमोर बराच वेळ उभे राहिले. ज्या गडद छटेसाठी त्यांनी हट्ट धरला होता ती आता निळीशार दिसत होती. मधलीही जास्तच होती. सर्वांत फिका चौकोन मात्र ओळखीचा वाटला.

‘‘नुकता निवलेला रूळ असाच दिसायचा,’’ ते म्हणाले. ‘‘मधल्या वर्षांत विसरलोच होतो मी.’’

बाईंनी त्याच चौकोनावर बोट ठेवले होते. त्यांना त्यात भंडाऱ्याची भिंत दिसत होती.

खोलीगणिक विचार

मग कामे भराभर झाली. बैठकीला फिका पारवा आणि छताला पांढरा. खिडकीला हळदी रंगाचे पडदे. सोफ्याच्या उश्यांना चांपाच्या कोशाचे अभ्रे. छत्तीसगडचे हे कोसा रेशीम न रंगवताही मधासारखे सोनेरी असते आणि पारव्या भिंतीपुढे ते जसे उजळते तसे दुसरे काही उजळत नाही. कोपऱ्यात बस्तरची पितळी ढोकरा मूर्ती. निळसर भिंत आणि पिवळा धातू यांचे जुनेच सख्य आहे.

त्यांच्या झोपायच्या खोलीला पश्चिमेचे ऊन लागते. तिथे मधली छटा दिली, पण फक्त उशाशी असलेल्या एका भिंतीला. बाकी तीन भिंती दुधी. उत्तरेच्या लहान खोलीत पारवा मुद्दाम टाळला. तिथे फिका बदामी. स्वयंपाकघरात बाईंचा शब्द शेवटचा. राखाडी रंगात अन्न रुचकर दिसत नाही, असे त्यांचे मत पडले आणि तिथे साधा पिवळसर पांढरा आला. देवघराच्या कोनाड्याला मात्र रंगाऱ्याने चुन्यात नीळ घालून हात दिला. ‘‘दाई, हे आमच्या गावचं,’’ असे म्हणून त्याने त्याचे पैसेही घेतले नाहीत.

रंग काढण्यापूर्वी

घर रंगवायला काढताना काही गोष्टी लक्षात ठेवलेल्या बऱ्या. नव्या गिलाव्याला निदान एक महिना वाळू द्यावे. ओल राहिली तर भिंतीला लोणा धरतो, पोपडे येतात. फिक्या पारव्यावर असे डाग फार उठून दिसतात. पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या सुमारास काम सुरू करणे उत्तम.

दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली धरली तर भिंतींचे क्षेत्र ४४० चौरस फूट होते. दार-खिडक्यांचे ५० वजा केले तर ३९०. इमल्शनच्या दोन हातांना लिटरमागे साधारण ५० ते ७० चौरस फूट भिंत होते. म्हणजे ६ ते ८ लिटर रंग. तो एकदमच आणावा. यंत्रावर मिसळलेला असला तरी दोन वेळच्या डब्यांत किंचित फरक पडू शकतो. उरलेला थोडा रंग, डब्यावर छटेचा क्रमांक लिहून, डागडुजीसाठी ठेवावा.

डब्यावर शिशाचे प्रमाणही पाहावे. २०१६ च्या नियमांनुसार घरगुती रंगांत शिसे दहा लाख भागांत ९० पेक्षा जास्त असता कामा नये आणि हे बंधन १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीचा तेलरंग दारा-खिडक्यांवर असेल तर तो कोरडा घासू नये. पाणी मारून घासावा, खाली कागद अंथरावा आणि लहान मुलांना त्या वेळी शेजारी पाठवावे.

आणि घरात साठीच्या पुढची माणसे असतील, निळ्या-राखाडीवरून त्यांचे एकमत होत नसेल, तर रंगाऱ्याआधी एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. भिंत थांबते. दृष्टीने थांबू नये.

भिलाईला जाल तर १९७२ मध्ये भारत-सोव्हिएत मैत्रीची आठवण म्हणून उभारलेली मैत्री बाग पाहाल, सिव्हिक सेंटरमधल्या नेहरू आर्ट गॅलरीत डोकावाल. परतताना दुर्ग स्टेशनवर गाडीची वाट पाहत उभे राहाल, तेव्हा जरा रुळांकडेही नजर टाका. वरची कड चाकांनी घासून चांदीसारखी झालेली असते. बाजू गंजाने तांबूस. पारवा रंग तिथे उरलेला नसतो.

तो त्या चार खोल्यांच्या घरात आहे. रोज दुपारी चारच्या सुमारास ऊन उशाच्या भिंतीवर येते आणि काही मिनिटे ती राखाडी की निळी हे सांगता येत नाही. बाबूजी अजून म्हणतात, रुळाचा रंग. बाई म्हणतात, माहेरचा. पण आता त्यावरून कुणी रुसत नाही.